काळी माती धक्का जिरवत नाही
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतील. आमच्या वाट्याला विषय आला आहे जमिनीचा. आम्ही शेतकीची पदवी घेतलेले, तेव्हा तुम्हांला वाटेल आता नत्र, स्फुरद, पालाश सुरू होणार. तसे नाही. जमिनीत काय पिकते हे आज बोलायचे नाही. जमीन हलली म्हणजे तिच्यावर उभ्या असलेल्या घराचे काय होते, ते बोलायचे आहे.

हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. २०२४ साली २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी हा पट्टा हादरला आणि १० जुलैला सकाळी पुन्हा हादरला. दोन्ही वेळा मोजमाप ४.५ च्या आसपास. त्याआधीही वसमत तालुक्यात पांगरा शिंदे भागातले लोक जमिनीतून येणाऱ्या आवाजांनी कैक वेळा घराबाहेर पळाले होते. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने सांगितले, पत्र्यांवर ठेवलेले दगड खाली उतरवा. ते बरोबरच सांगितले. पण घराखाली काय आहे, हे कोणी विचारले नाही.

त्या दिवसांत आम्ही गावोगाव बैठका घेत होतो. एका गावात पारावर एक बाबा म्हणाले, "आम्हाला कशाचं भ्या, साहेब? आमचं गाव काळ्या रानात बसलंय. माती मऊ. गादीवर पडलं तर लागतं का? कातळावर पडलं तर डोकं फुटतं. धक्का मातीतच जिरून जातो." साऱ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही क्षणभर गप्प झालो, कारण ऐकायला हे अगदी सरळ वाटते. पण बाबा, गादीवर माणूस वरून पडतो आणि भूकंप खालून येतो. सारा फरक तिथेच आहे.

गाय व्याल्यावर घरात खरवस होतो. ताटलीत खरवसाची जाड वडी ठेवा आणि ताटली हाताने जराशी मागेपुढे करा. ताटली किती हलली आणि वडीचा वरचा भाग किती हलला, ते बघा. ताटली थांबली तरी वडी थरथरत राहते. आता ताटलीच्या जागी कातळ समजा, वडीच्या जागी आपली काळी माती, आणि वडीवर तुमचे घर.

असे का होते तेही समजून घ्या, म्हणजे कोणी सांगितले म्हणून मानावे लागणार नाही. भूकंपाची आडवी हलवणारी लाट घट्ट काळ्या पाषाणातून सेकंदाला एक-दोन किलोमीटर जाते. तीच लाट मऊ चिकणमातीत शिरली की तिची चाल सेकंदाला शंभर-दोनशे मीटरवर येते. कापसाच्या गाड्या डांबरी सडकेने पळत आल्या आणि पुढे चिखलाचा पट्टा लागला, तर पुढची गाडी मंदावते आणि मागच्या येऊन तिला भिडतात. गाड्या तेवढ्याच असतात, पण एका जागी दाटी होते. लाटेचेही तसेच. जोर तेवढाच राहतो, चाल मंदावते, आणि तो जोर मातीला जास्त हलवण्यात खर्च होतो. शिवाय लाट वर पोचली की परत खाली जाऊ बघते. खाली कातळ लागतो, तो तिला पुन्हा वर फेकतो. घंगाळातले पाणी हिंदकळावे तशी लाट मातीच्या थरात अडकून पडते.

आता दुसरी गोष्ट. वारा सुटला की ज्वारीचे उंच धाट हळू डोलते आणि ठेंगणी पऱ्हाटी पटपट हलते. प्रत्येकाची हलण्याची एक चाल असते. घराचीही असते. एक मजली घराचे एक हेलकावणे सेकंदाच्या दहाव्या भागात, फार तर पाचव्या भागात होते. दहा मजली इमारतीला त्याच कामाला एक सेकंद लागतो. आणि मातीच्या थरालाही स्वतःची चाल असते. तिचा हिशेब सोपा आहे. थराची जाडी मीटरमध्ये घ्या, चौपट करा, मातीतल्या लाटेच्या चालीने भागा. जे येईल तेवढ्या सेकंदात माती एक हेलकावा घेते. मातीची चाल आणि घराची चाल जुळली की पाळण्याला बरोबर वेळेवर झोका दिल्यासारखे होते. झोका लहान असला तरी पाळणा चढत जातो.

हे कागदावरचे गणित नाही. मेक्सिको देशाची राजधानी जुन्या तलावाच्या गाळावर वसलेली आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी तिथे भूकंप झाला. त्याचे केंद्र समुद्रकिनाऱ्याकडे, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर. म्हणजे धक्का लातूरला बसावा आणि पडझड मुंबईत व्हावी, असे जवळजवळ. तिथे दोन यंत्रे होती. एक विद्यापीठाच्या आवारात, घट्ट लाव्हाच्या खडकावर. दुसरे तलावाच्या गाळावर. एकाच शहरात, एकाच धक्क्यात, गाळावरच्या यंत्राने खडकावरच्यापेक्षा चार-पाच पट जोराची हालचाल नोंदवली. तिथे गाळाचा थर चाळीस मीटरच्या आसपास आणि लाटेची चाल सेकंदाला फक्त ऐंशी मीटर. करा हिशेब. चाळीस चोक एकशे साठ, भागिले ऐंशी, दोन सेकंद. गाळ दोन-दोन सेकंदांचे हेलकावे घेत राहिला आणि साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती कोसळल्या, कारण त्यांची चाल तडे पडत पडत त्याच्याजवळ आली. शेजारची ठेंगणी घरे आणि जुनी दगडी चर्चे बरीचशी उभी राहिली. माणसे हजारोंनी मेली.

आपल्या जवळचे उदाहरण गुजरातचे. २६ जानेवारी २००१ ला सकाळी धक्का बसला तो कच्छमध्ये. तिथून अहमदाबाद दोनशे किलोमीटरांहून दूर. तरी तिथे बहुमजली इमारती पडल्या आणि सातशेवर माणसे गेली. शहर साबरमतीच्या गाळावर बसलेले आहे. बिल्डरांचे बांधकाम कच्चे होते, हे खरेच. पण कच्चे बांधकाम दोनशे किलोमीटर दूरच्या धक्क्याने पडते, त्यात खालच्या गाळाचा हात असतो.

नदीकाठच्या वाळूची गत आणखी निराळी. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपात पाण्याने भरलेली वाळू हादऱ्यांनी पातळ झाली आणि जमिनीच्या भेगांतून उसळून वर आली. उभी शेते वाळूखाली गेली, विहिरी वाळूने भरल्या. आपल्या चिकण काळ्या मातीला तो रोग सहसा होत नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आता आपल्या घरी येऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, लोक दमून झोपलेले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. पुढे कितीतरी दिवस वडीलमाणसे अंगणात बाज टाकून झोपत, ते आम्हांला आठवते. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, तळणी, मंगरूळ, ही नावे आजही कोणी घेतली की आवाज खाली जातो. भूकंप ६.२ च्या आसपासचा, जगाच्या हिशेबात मध्यम. माणसे गेली आठ हजारांच्या घरात. पुढे बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवली. आणि भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या रंगात होता! २००२ साली नकाशा बदलला, तो सर्वांत खालचा वर्गच काढून टाकला आणि लातूरकडचा भाग तिसऱ्या वर्गात आला.

किल्लारीला माणसे मारली ती मुख्यतः घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत-बाहेर दोन वेगळे पदर, मध्ये चिपा आणि माती, वर माळवदाचा मणामणांचा बोजा. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा कैक ठिकाणी उभा राहिला आणि भिंती माणसांवर आल्या. म्हणून सारा दोष मातीवर टाकणारे आम्ही नव्हेत. पण तेरणेच्या खोऱ्यात काळ्या मातीने किती भर घातली? याचे उत्तर आकड्यात देता येत नाही, कारण मुख्य धक्क्याचा जोर नोंदवणारे यंत्र त्या गावांच्या आसपास नव्हते. मेक्सिकोत गाळाचा गुन्हा सिद्ध झाला, कारण साक्षीदार होता. आपल्याकडे आठ हजार माणसे गेली आणि साक्षीला एक यंत्र नाही.

तेव्हा हिशेबच करून बघू. काळ्या मातीचा थर वीस फूट, म्हणजे सहा मीटर. मातीतली लाटेची चाल सेकंदाला दीडशे मीटर धरू. सहा चोक चोवीस, भागिले दीडशे. सेकंदाचा साधारण सहावा भाग. आणि आपल्या एक मजली घराची चाल किती सांगितली? दहावा ते पाचवा भाग. जुळते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. मेक्सिकोच्या खोल गाळाने उंच इमारती वेचून पाडल्या. आपला थर उथळ आणि खाली लगेच कातळ. तो उंच इमारतींना फारसा त्रास देत नाही, ठेंगण्या घरांना वेचतो. आणि आपल्या खेड्यात ठेंगण्या घरांशिवाय आहे काय?

थर किती जाड, माती किती ओली, यावर चाल बदलते. उन्हाळ्यात भेगाळलेले रान आणि भाद्रपदात पाणी प्यालेले रान ही एक जमीन नव्हे, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. ओली माती मऊ, तिच्यात लाट आणखी मंद. किल्लारीचा धक्का पावसाळा सरताना आला होता. फार जोराचा धक्का असला तर मऊ माती स्वतःच ढिली पडते आणि वाढ काहीशी कमी होते, असे शास्त्रज्ञ सांगतात, आणि ते खरे आहे. पण मध्यम धक्क्यात ती सूट मिळत नाही. आणि आपल्या भागात येतात ते बहुधा मध्यमच.

आता नकाशा आणि नियम बघा. नकाशात अख्ख्या जिल्ह्याला एक रंग. टेकडीवरच्या बरडाला तोच रंग आणि ओढ्याकाठच्या भारी रानालाही तोच. इमारतींसाठी भारतीय मानक ब्युरोची १८९३ क्रमांकाची संहिता आहे. तिच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत जमिनीचे तीन प्रकार केले आहेत, कठीण, मध्यम आणि मऊ. हे चांगले झाले. पण बारकाईने वाचले की दिसते, मऊ जमिनीचा वाढीव आकडा उंच, सावकाश डोलणाऱ्या इमारतींना लागू होतो, जवळजवळ पावणेदोन पटीपर्यंत. ठेंगण्या घराला मात्र कातळावर काय आणि काळ्या मातीवर काय, आकडा एकच! मेक्सिकोच्या गाळावरून जो धडा शिकायचा तो शिकले. बसाल्टवरच्या वीस फूट काळ्या मातीचा धडा नियमात उतरलेला आम्हांला दिसला नाही. जमीन गल्लीगल्लीने तपासून धोक्याचे बारीक नकाशे करण्याचे काम देशात झाले आहे, पण कुठे? दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, जबलपूर, बंगळुरू. शहरांचे झाले याचे आम्हांला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते याचे, की खेड्याची जमीन तपासायला पैसा फार लागतो असे सांगितले जाते. तो फार लागत नाही. गाड्यांनी, वाऱ्याने जमीन सतत बारीक थरथरत असते, आपल्याला कळत नाही एवढेच. पेटीएवढे एक यंत्र जमिनीवर ठेवले की अर्ध्या तासात ती थरथर नोंदता येते. आडव्या थरथरीला उभ्या थरथरीने भागले की मातीच्या थराची चाल हाती येते. जपानच्या नाकामुरा यांनी १९८९ साली ही रीत मांडली आणि तेव्हापासून जगभर ती चालू आहे. भूशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आपल्या भागात आहेत, मुलांना प्रकल्प लागतात. एका गावाला एक दिवस पुरे.

पण यंत्र येईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. आपल्याकडे एक नोंद आधीच आहे आणि ती कोणा कचेरीत नाही. ती विहिरीत आहे. विहीर खणलेल्या माणसाला विचारा. किती फुटांवर काळी संपली, कुठे चोपण लागले, मुरूम कुठे सुरू झाला, मांजऱ्या कुठे, काळा पाषाण कुठे, सुरुंग कितव्या हातावर लावावा लागला. हे त्याला तोंडपाठ असते, कारण प्रत्येक फुटाचे पैसे त्याने मोजलेले असतात. भूकंपाच्या अभ्यासकाला नेमके हेच हवे असते.

आपले वाडवडील रानाला काळी म्हणत आणि गावाला पांढरी. पांढरी म्हणजे काय? पिढ्यान् पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, केर यांचा साचत आलेला ढीग. कैक जुनी गावठाणे अशा उंचवट्यावर आहेत. लोकांना वाटते, उंचावर आहे म्हणजे पक्के आहे. पण पांढरी म्हणजे भरावच. पोकळ आणि भुसभुशीत. तिच्यावर खरवसाचा नियम काळ्या मातीइतकाच लागू.

गेल्या वर्षी एका गावात घरकुलांच्या जागा ठरत होत्या. दोन जागा होत्या. एक ओढ्याकडेची सपाट, बघायला छान. दुसरी शाळेमागची बरड, गावाच्या मते कुत्रेही तिथे बसत नाही. साहेबांनी सपाट जागा पसंत केली, कारण मोजणी सोपी. आम्ही म्हणालो, आधी दोन्हीकडे खड्डा घ्या. सपाट जागेजवळच्या विहिरीत मुरूम बावीस फुटांवर लागला होता. बरडावर पहारीने तीन फुटांत मुरूम लागला. कागदोपत्री जागा सपाटच राहिली, आमचे कोणी ऐकले नाही. पण तीन घरवाल्यांनी अर्ज करून बरडावर जागा मागून घेतली. त्यांना लोकांनी हसून घेतले. काळ्या मातीवरच्या दोन घरांच्या भिंतींना पहिल्याच पावसाळ्यात तडे गेले. ते भूकंपाचे नव्हते, माती फुगल्याचे होते. तेव्हापासून हसणे कमी झाले आहे.

नवे घर बांधायचे असेल तर जागेचा विचार आधी करा. पिकाला जी जमीन उत्तम ती घराला वाईट, आणि पिकाला जी कुचकामी ती घराला चांगली. चार-पाच फुटांत मुरूम लागत असेल तर पाया मुरमावर टेकवल्याशिवाय वर येऊ नका. वीस फूट काळी असेल तर एवढा खोल पाया कोणाला परवडणार? तिथे माती बदलत नाही, म्हणून घर बदलायचे. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली लोखंडी गजांचा सलग काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून फिरवा. कोपऱ्यांत उभा गज द्या. दगडाची भिंत असेल तर दर दोन-तीन फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घाला, नाही तर दोन पदर सुटून निघतात. छप्पर हलके ठेवा. जुने माळवद असेल तर दरवर्षी गळते म्हणून वर मातीचा नवा थर देण्याची सवय सोडा. जुना थर आधी उतरवा. दरवर्षी चार बोटे माती म्हणजे वीस वर्षांत डोक्यावर केवढा ढीग, याचा हिशेब करा. पट्टे दिलेले घर काळ्या मातीवरही माणसाला बाहेर पडण्याएवढा वेळ देते.

आज जाताना प्रत्येक गावाने टेबलावरची एक वही न्यायची आहे. तिच्यात रकाने आखले आहेत. विहीर किंवा बोअर कोणाची, गावठाणापासून किती पावलांवर, काळी किती फूट, मुरूम कितव्या फुटावर, पाषाण कितव्या फुटावर, आणि पावसाळ्याअखेर पाणी किती फुटांवर असते. गावठाणात आणि गावठाणाच्या कडेने निदान दहा विहिरींची नोंद हवी. आठवत नसेल तर अंदाज लिहू नका, रकाना कोरा ठेवा. जुनी विहीर बुजवली असेल तर तीही लिहा, बुजवलेली जागा फार महत्त्वाची. शाळा, दवाखाना आणि समाजमंदिर यांच्या सर्वांत जवळची विहीर वहीत पहिल्या तीन ओळींत घ्या, कारण धक्का दिवसा आला तर पोरे तिथे असतील. वह्या पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. त्यांवरून आम्ही एकेका गावाचा नकाशा करू आणि यंत्राची मागणी त्या नकाशासकट लावून धरू. वही न्यायला गावातला एखादा विहीर खणणारा गडी पुढे आला तर फार बरे, त्याला चहा आमच्याकडून.